स्टिकचे आयुष्य खोक्यावर छापा

नावड्यातल्या सिडकोच्या इमारतीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने पोराच्या हट्टापायी पन्नास हजारांचा प्लेस्टेशन घेतला, तर त्यातले सर्वांत आधी काय बिघडेल हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. हातात धरायच्या कंट्रोलरवर अंगठ्याखाली जी छोटी स्टिक असते, ती. तिला कोणी हातही लावलेला नसताना पडद्यावरचा खेळाडू आपल्या मर्जीने डावीकडे चालू लागतो, बंदुकीचा नेम हळूहळू आभाळाकडे सरकतो. मुले याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. मोठी माणसे म्हणतात, आपटला असशील. बहुतेक वेळा तो आपटलेला नसतो. स्टिक साधारण किती फिरल्यावर थकेल याचा अंदाज ती बनवणाऱ्याला असतो, तो आकडा त्याच्या तांत्रिक पत्रकात लिहिलेला असतो, आणि सहा हजार रुपये मोजून कंट्रोलर घेणाऱ्यापर्यंत तेवढा पोचत नाही. तो आकडा खोक्यावर किमतीशेजारी छापायला लावावा, अशी माझी मागणी आहे. मागणी दिसायला किरकोळ आहे. पण ती मान्य झाली तर ग्राहकाच्या हाती आज असलेले, पण वापरता न येणारे बरेच हक्क वापरात येतील.

आधी बिघाड समजून घेऊ. स्टिकच्या बुडाशी दोन पोटेंशिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात हाच भाग असे, आणि काही वर्षांनी ते बटण फिरवताना स्पीकरमधून जी खरखर येई ती याच भागाची. कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूचे एक बारीक टोक सरकते. ते पट्टीवर कुठे टेकले आहे यावर विजेचा दाब ठरतो आणि त्या दाबावरून यंत्राला अंगठा कुठे आहे ते कळते. टोक सरकले की पट्टी घासली जाणारच. ती झिजते, झिजेची पूड तिथेच साचते, आणि स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंगही सैल होत जाते. खेळताना अंगठा सर्वाधिक वेळ मध्याच्या आसपास वावरतो, त्यामुळे झीजही तिथेच जास्त. मग स्टिक मध्यावर उभी असूनही यंत्राला ती कलल्यासारखी वाटते. गेमच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ वाढवला, म्हणजे लहान हालचालींकडे दुर्लक्ष करायला सांगितले, की काही आठवडे ड्रिफ्ट दिसेनासा होतो. आत झीज चालूच राहते. रेडिओचे बटण दिवसातून चार वेळा फिरे. धावपळीच्या गेममध्ये स्टिक मिनिटाला कितीतरी वेळा फिरते. भाग मात्र त्याच जातीचा राहिला.

आता आकडा. सोनीच्या प्लेस्टेशनबरोबर येणाऱ्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये जपानच्या आल्प्स अल्पाइन या कंपनीचे स्टिक मॉड्यूल आहे. दुरुस्तीची माहिती आणि अवजारे पुरवणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये हा कंट्रोलर खोलून दाखवला, तेव्हा या मॉड्यूलचे नोंदवलेले आयुष्य पुढे आले: २० लाख फेरे, आणि स्टिक आत दाबण्याच्या बटणासाठी ५ लाख दाब. ऐकायला हा आकडा अवाढव्य वाटतो. पण ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारख्या गेममध्ये मिनिटाला साधारण ऐंशी फेरे धरले तर ४१७ तासांत वीस लाख भरतात, असा त्यांचा हिशेब होता. रोज दोन तास खेळणाऱ्याचे हे सात महिने. सात महिने झाले की त्या दिवशी स्टिक मरते, असा याचा अर्थ नाही. नोंदवलेले आयुष्य ही भागाच्या निर्मात्याने घेतलेल्या जबाबदारीची हद्द असते, त्यापुढेही भाग चालू शकतो. पण ही हद्द कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांसमोर असते. त्यांनी तिच्याकडे पाहून हा भाग निवडला, आणि गिऱ्हाइकाला फक्त हमीची मुदत सांगितली.

‘पोरे आदळआपट करतात’ हा युक्तिवाद घराघरांत चालतो आणि कंपन्यांच्या पथ्यावर पडतो. आदळआपट हेच कारण असते, तर बिघाड कुठेही झाला असता. कवच तडकले असते, बटणे निखळली असती, वायरिंग सुटले असते. प्रत्यक्षात देशोदेशीच्या तक्रारी एकाच भागाच्या, एकाच तऱ्हेच्या आहेत. निन्टेन्डोचे स्विच हे यंत्र ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आले. त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरवरून जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, आणि जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. फ्रान्सच्या यूएफसी-क्यू शुआझिर या ग्राहक संघटनेने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. छापील सर्किट वेळेआधी झिजते आणि कवच पुरेसे बंद नसल्याने आत कचरा जातो, अशी दोन कारणे त्यात निघाली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय ग्राहक संघटनांच्या महासंघाने युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली तेव्हा त्यांच्यापाशी जवळपास २५ हजार ग्राहकांची गाऱ्हाणी जमा झाली होती, आणि त्यांतल्या ८८ टक्के प्रकरणांत कंट्रोलर पहिल्या दोन वर्षांतच बिघडला होता. एप्रिल २०२३ मध्ये निन्टेन्डोने युरोपात असे कंट्रोलर हमी संपल्यानंतरही मोफत दुरुस्त करून देण्याचे कबूल केले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टवर आणि २०२१ मध्ये सोनीवरही अमेरिकेत अशाच तक्रारीचे दावे झाले. तीन कंपन्यांची गिऱ्हाइके एकदमच आडदांड निघाली, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

यावर अधिक प्रामाणिक उत्तर असे दिले जाते की जे घासते ते झिजतेच, त्याला इलाज काय? इलाज आहे, आणि तो जुना आहे. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिलेल्या परिणामावर चालणारे सेन्सर चुंबकाची जागा स्पर्श न करता ओळखतात. घासणारे काही उरतच नाही. सेगाने १९९८ मध्ये आणलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हीच पद्धत होती. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरमध्ये स्टिक आपोआप सरकणे जिवावर बेतेल, म्हणून तिथे सर्रास असे स्पर्शविरहित सेन्सर वापरतात. आज आपल्याकडे भारतीय नावांनी विकले जाणारे हॉल सेन्सरचे कंट्रोलर नामांकित कंपन्यांच्या निम्म्या किमतीत मिळतात, त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारणही टिकत नाही. तरीही ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ मध्ये निन्टेन्डोने पुन्हा पोटेंशिओमीटरच घातले. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज हा महागडा कंट्रोलर काढला, अमेरिकेत २०० डॉलरला. त्यातली स्टिक हाताने उपसून नवी बसवता येते, आणि ते नवे मॉड्यूल २० डॉलरला मिळते. साध्या कंट्रोलरमध्ये तोच भाग डझनाहून अधिक टाके घालून बोर्डाला जखडलेला असतो. म्हणजे बदलता येण्याजोगी स्टिक कशी करायची हे सोनीला पक्के ठाऊक आहे. ती सोय फक्त तिपटीच्या आसपास किंमत मोजणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे.

म्हणून सरकारने हॉल सेन्सर सक्तीचे करावेत का? माझ्या मते नाही. हॉल सेन्सरवाल्या स्टिकलाही स्प्रिंग असते आणि ती सैल होतेच. स्वस्त कंट्रोलरमध्ये हे सेन्सर नीट जुळवलेले नसतील तर नेम वाकडाच लागतो. उद्या याहून चांगले तंत्र निघेल आणि नियम मात्र कालच्या तंत्राला चिकटून राहील. कायद्याने तंत्र ठरवू नये, कबुली मागावी. स्टिक किती फेऱ्यांसाठी तपासली आहे, आणि ती सुटी मिळते का, एवढे दोनच तपशील. ज्याची स्टिक पन्नास लाख फेरे टिकते तो ते मिरवेल, ज्याची वीस लाख टिकते त्याला किंमत उतरवावी लागेल किंवा भाग बदलावा लागेल.

हे आपल्याकडे विशेष निकडीचे का आहे, ते आपल्या कायद्याच्या रचनेत पाहावे लागते. कागदावर भारतीय ग्राहक अमेरिकी ग्राहकाहून सुदैवी आहे. निन्टेन्डोवरचा तिथला सामूहिक दावा वापरकरारातल्या लवादाच्या अटीत अडकला. आपल्याकडे अशी अट ग्राहक आयोगाचे दार बंद करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी करण्याची मुभा दिली, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्कही नाही. नावडे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येते. त्यामुळे इथे राहणाऱ्याचा जिल्हा आयोग अलिबागला. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, आणि नोकरी मुंबईत असेल तर तक्रार तिथेही करता येते.

गाडी अडते ती पुढे. दोष उघड दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालासाठी ४५ दिवस, आणि तपासणीचे शुल्क तक्रारदाराला आधी भरायला सांगता येते. सहा हजारांच्या कंट्रोलरसाठी हे कोण करणार? नव्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे एक दमदार प्रकरण आहे खरे, पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून वस्तूचे स्वतःचे नुकसान वगळले आहे. कंट्रोलरचा स्फोट होऊन हात भाजला तर ते प्रकरण कामाला येईल. कंट्रोलर नुसताच निकामी झाला तर येणार नाही. उरतो साधा ‘दोष’: कायद्याने किंवा कराराने जो दर्जा अपेक्षित आहे, किंवा विकणाऱ्याने जो सांगितला आहे, त्यातली उणीव. आणि इथेच खोके गप्प असणे कंपनीच्या कामी येते. तिने आयुष्याबद्दल काही सांगितलेच नसेल, तर उणीव कशाच्या तुलनेत मोजायची? खोक्यावर ‘२० लाख फेरे’ असा शब्द छापलेला असेल तर वाद प्रयोगशाळेत जाण्याआधीच निम्मा मिटतो.

फेरे आणि तास यांचा मेळ बसत नाही, बुद्धिबळ खेळणारा आणि फुटबॉल खेळणारा स्टिक सारखी वापरत नाहीत, असा एक आक्षेप येतो. तो रास्त आहे, पण त्यामुळे काही अडत नाही. एलईडी दिव्याच्या खोक्यावर तासांचा आकडा असतो. तो कुणाच्या घरी किती वेळ जळेल हे छापणाऱ्याला कुठे माहीत असते? फ्रिज आणि एसीवरचे तारे २००६ पासून आपण पाहतो. तेही ठरावीक चाचणीतले असतात, वीजबिल प्रत्येकाचे वेगळे येते, तरी दुकानात उभे राहून दोन फ्रिजांची तुलना करायला तेवढे पुरते. शिवाय कंट्रोलरमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो. स्टिक किती फिरली याची मोजदाद ठेवणे त्याला जड नाही. लॅपटॉप आपल्या बॅटरीचे चार्जिंग किती वेळा झाले ते दाखवतो, तसेच हे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर नवे लेबल आले आहे. बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावरही टिकते, पडल्यावर फोन किती तग धरतो, दुरुस्ती किती सोपी आहे, हे सगळे त्यावर असते. आपल्याकडे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार खोक्यावर निर्मात्याचे वा आयातदाराचे नाव, कमाल किंमत, तक्रारीचा पत्ता छापावाच लागतो. तिथे आणखी एक ओळ बसायला जागा आहे.

धूळ आणि दमटपणाचे काय? पनवेल पट्ट्यातला चार महिन्यांचा पाऊस, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीची आणि सततच्या बांधकामांची धूळ हे सगळे खरे आहे, आणि उघड्या कार्बन पट्टीला त्यातले काहीच मानवणारे नाही. पण हा युक्तिवाद कंपनीच्या बाजूने वापरला जातो तेव्हा तो उलटा फिरवायला हवा. इथे माल विकायचा तर तो इथल्या हवेत टिकायला नको का? मिक्सर आणि पंखे याच हवेत वर्षानुवर्षे चालतात.

सर्वांत टोचणारा आक्षेप वेगळा आहे: पाणी, रस्ते, प्रदूषण यांची रड असताना वर्तमानपत्राने श्रीमंतांच्या पोरांच्या खेळण्यावर लिहावे का? नावड्यात हा प्रश्न जास्तच बोचतो. शेजारच्या तळोज्यात मुंबई महानगरातल्या कारखान्यांचा घातक कचरा जाळण्या-पुरण्याची सामाईक व्यवस्था आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कासाडी नदीत उतरून निळी झालेली कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली ती इथलीच. पण नेमक्या याच गावाला टाकाऊ मालाचे गणित परके असू नये. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आपले १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम प्रामुख्याने वस्तू मेल्यावर तिचे काय करायचे ते सांगतात. ती इतक्या लवकर का मेली, हा प्रश्न त्यांच्या टोकाला राहतो. काही शे रुपयांच्या भागापायी शाबूत बोर्ड, चांगली लिथियम बॅटरी आणि सगळे प्लास्टिक फेकले जाते, आणि तो कचरा कोणाच्या तरी गावाशेजारीच जातो. शिवाय हे खेळणे श्रीमंतांपुरते उरलेलेही नाही. पहिल्या मालकाने वर्षभर वापरलेला कंट्रोलर जुन्या बाजारात दुसऱ्याकडे जातो, आणि ड्रिफ्टचा फटका बसतो तो या दुसऱ्याला, ज्याच्याकडे हमीपत्र नसते आणि नवा घ्यायला पैसेही नसतात.

दुरुस्तीवाले नाहीत असेही नाही. लॅमिंग्टन रोडपासून उपनगरांतल्या मोबाइलच्या टपऱ्यांपर्यंत जुना मॉड्यूल उकलून नवा बसवणारे हात सापडतात. त्यांची अडचण वेगळीच. कंट्रोलरच्या स्मृतीत कारखान्यात केलेली मध्याची जुळणी साठवलेली असते. नवी स्टिक बसवली की ती पुन्हा करावी लागते, आणि ते काम करणारे साधन सोनी बाहेर देत नाही. सोनीच्या कंट्रोलरसाठी ही उणीव शेवटी हौशी प्रोग्रामरनी भरून काढली, ब्राउझरमध्ये चालणारे मोफत साधन लिहून. दुरुस्तीचा हक्क म्हणजे सुटे भाग एवढेच नव्हे, हे यातून दिसते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले, आणि मे २०२५ मध्ये भरत खेरा यांच्या समितीने ‘दुरुस्ती निर्देशांका’चा आराखडा सादर केला. वस्तू किती सहज खोलता येते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, माहिती आणि अवजारे उपलब्ध आहेत का, यावर गुण देण्याची ती कल्पना चांगली आहे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करण्याचा विचार आहे. कंट्रोलरला त्या यादीत पुढच्या पायरीवर जागा द्यावी, कारण एकाच भागाची आधीच माहीत असलेली झीज इतकी स्वच्छपणे दाखवणारी दुसरी घरगुती वस्तू शोधून सापडणार नाही.

एका जागी ही मागणी लंगडी पडते. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे माल विकत नाही. हाजी अलीच्या हिरा पन्ना बाजारातून किंवा ऑनलाइन विक्रेत्यांकडून येणारी स्विच यंत्रे खासगी आयातीची असतात, आणि त्यांच्या खोक्यावर काय छापावे हे आपण जपानला सांगू शकत नाही. पण आयातदाराचे नाव खोक्यावर असणे हा आजचाच नियम आहे, आणि ग्राहक कायदा व्यापाऱ्यालाही सोडत नाही. बिल मात्र हवे. जीएसटी वाचवण्यासाठी बिनबिलाचा सौदा करणारा ग्राहक आपला एकमेव पुरावा दुकानातच ठेवून येतो. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत, किंवा तिच्यासारखी दुसरी संघटना, अशा ग्राहकांच्या तक्रारी एकत्र करून सामूहिक तक्रार दाखल करू शकते. कायद्याच्या ३५ व्या कलमात त्याची सोय आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला स्वतःहून चौकशीही करता येते. त्यासाठी १९१५ या मदत क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारींचा साठा लागेल. त्यात खरेदीची तारीख, मालाचा क्रमांक आणि स्टिकला हात न लावता पडद्यावर काय होते याचे मोबाइलवरचे चित्रण असावे. कायद्यातली तक्रारीची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि हमीपत्राची तारीख उलटली म्हणून ती आपोआप संपत नाही.